माळ्यावरचा केनवूड पुन्हा बोलता करताना

देवळाली कॅम्पातले माझे एक स्नेही गेले आणि त्यांचा केनवूड टीएस-520एस, म्हणजे हॅमचा (हौशी रेडिओवाल्यांचा) ऐकायचा आणि बोलायचा जुना रेडिओ सेट, बारा वर्षं माळ्यावर पडून राहिला. शेवटी त्यांचा मुलगा तो घेऊन आमच्या सिडकोतल्या घरी आला. म्हणाला, "काका, भंगारात टाकवत नाही हो." असा सेट हाती आला तर पहिली गोष्ट: प्लग लावू नका. अंबडच्या एमआयडीसीत मी अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्स केला. बंद पडलेली यंत्रं सुधारतात, घाईने चालू केलेली जळतात.

आधी झाकणं उघडून नुसतं बघा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, फुगलेले फिल्टर कंडेन्सर, गंज. ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टला जोडलाय ते तपासा. बाहेरदेशातून आलेला सेट 120 व्होल्टवर असू शकतो. फायनल व्हॉल्व्हच्या (अँटेनाला ताकद देणाऱ्या शेवटच्या काचेच्या नळ्यांच्या) पिंजऱ्यात सातशे-आठशे व्होल्ट असतात आणि ते सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. म्हणून प्रत्येक वेळी प्लग काढून, 10 किलोओहम 10 वॅटच्या रेझिस्टरमधून ते उतरवा, मग मीटरने खात्री करा. दुसरा हात खिशात.

आता सिरीज बल्ब, म्हणजे सेटला जाणाऱ्या विजेच्या एका वायरीत मध्येच जोडलेला बल्ब. 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी चालणार नाही. पुढचा हीटरचा (व्हॉल्व्ह तापवणारा) स्विच बंद ठेवून सेट लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, थांबा. फिल्टर कंडेन्सर चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे असतील तर मी ते सरळ बदलतो.

हीटर बंद असला तरी रिसीव्हर चालतो, कारण त्यात सगळे ट्रान्झिस्टर आहेत. व्हॉल्व्ह फक्त ट्रान्समिटरच्या ड्रायव्हरला (फायनलला सिग्नल पुरवणाऱ्या भागाला) आणि फायनलला. त्यामुळे आधी कान दुरुस्त करा. माझ्या सेटवर नुसती खरखर होती आणि बँड स्विच हलवला की क्षणभर आवाज यायचा. दोष ओलीचा. बँड स्विचच्या चकत्यांवर काँटॅक्ट क्लीनरचा एकेक थेंब सोडून तो वीस-पंचवीस वेळा फिरवला. रिलेच्या (ऐकणं-बोलणं बदलणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या) पॉइंटांमध्ये कोऱ्या कागदाची पट्टी धरून हळूच ओढली, ती काळी होऊन बाहेर आली. तीन पट्ट्यांनंतर कागद पांढरा राहिला आणि चाळीस मीटरच्या बँडवर (7 मेगाहर्ट्झच्या आसपास) माणसं बोलू लागली. पॉलिश पेपर मात्र रिलेला लावू नका, वरचा मुलामा जातो.

ट्रान्समिटरकडे वळण्याआधी एक कंडेन्सर बदलाच: ड्रायव्हर 12बीवाय7ए च्या प्लेटपासून फायनलच्या ग्रिडकडे जाणारा. तो गळका झाला की ग्रिडचं निगेटिव्ह बायस (व्हॉल्व्हला लगाम घालणारं व्होल्टेज) कमी होतं आणि करंट आवरत नाही. मी हे न बघता नवी फायनल जोडी लावली आणि अर्ध्या मिनिटात दोन्ही व्हॉल्व्हच्या प्लेटा लालभडक झाल्या. त्या जोडीचं मला आजही वाईट वाटतं. तेवढ्याच मूल्याचा, एक किलोव्होल्टचा कंडेन्सर काही रुपयांत मिळतो.

मग अँटेनाच्या जागी 50 ओहमचा डमी लोड (हवेत न सोडता ताकद जिरवणारा रेझिस्टर) लावा. हीटर दोन-तीन मिनिटं तापू द्या. माइक गेन शून्यावर, मोड एसएसबी (बोलण्याचा), सेंड करून फायनलचा करंट 60 मिलिअँप दिसेल असा बायस लावा. ट्यूनिंग करताना कॅरिअर (आवाजाशिवायची सलग लहर) दहा सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका. मूळ एस2001ए फायनल व्हॉल्व्हऐवजी 6146बी लावलेत तर न्यूट्रलायझेशन (फायनल आपोआप ओरडू नये म्हणून करायची जुळवणी) पुन्हा करावंच लागेल.

प्रत्यक्ष हवेत बोलायला हॅमचं लायसन्स लागतं. ते येईपर्यंत ऐका. गच्चीवर दोन बांबू उभे करा, 7.1 मेगाहर्ट्झसाठी एकूण सुमारे 20 मीटर तार मधोमध तोडून तिथे कोअॅक्स (टीव्हीच्या केबलसारखी वायर) जोडा. वीज कडाडली की कोअॅक्स काढून ठेवा. आणि जून ते सप्टेंबर, ऐकायचं असो वा नसो, आठवड्यातून एकदा सेट तासभर चालू ठेवा. आतली ऊब ओल धरू देत नाही.