सैतानवाद्यांच्या खटल्याची बातमी कशी वाचावी

अमेरिकेत सैतानवाद्यांनी सरकारला कोर्टात खेचल्याची बातमी वाचताना नरबळी आणि काळ्या जादूचे चित्र आधी मनातून काढून टाकावे, कारण त्याचा या खटल्यांशी काहीही संबंध नसतो. त्यानंतर संस्था नेमकी कोणती, हे पाहावे. अँटन लावे यांनी 1966 साली सॅन फ्रान्सिस्कोत स्थापलेले ‘चर्च ऑफ सेटन’ वेगळे आणि 2013 मध्ये पुढे आलेले, मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम येथे मुख्यालय असलेले ‘द सटॅनिक टेंपल’ वेगळे. सैतान खरोखर अस्तित्वात आहे असे दोन्ही संस्था मानत नाहीत. टेंपलच्या लेखी तो जुलमी सत्तेपुढे न झुकणाऱ्याचे प्रतीक आहे. कोर्टकचेऱ्यांच्या बातम्या बहुधा टेंपलच्याच असतात, आणि ही राजकीय खटपट चर्च ऑफ सेटनला मुळीच पसंत नाही.

‘पण यांची श्रद्धा खरी आहे का?’ हा प्रश्न वाचकाच्या मनात हमखास येतो. त्यात फार अडकू नये. अमेरिकेच्या कर खात्याने 2019 मध्ये टेंपलला चर्च म्हणून मान्यता दिली आहे, आणि निकाल बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नावर फिरतो: त्या जागेवरून बोलते कोण, सरकार की नागरिक?

हा फरक समजण्यासाठी दोन निकाल शेजारी ठेवावेत. सार्वजनिक बागेत कायमचे उभारलेले स्मारक देणगीदाराने दिलेले असले तरी ते सरकारचेच बोलणे ठरते आणि म्हणून दुसऱ्या धर्माचे स्मारक नाकारता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये म्हटले. याउलट बॉस्टन महापालिकेने आपल्या ध्वजस्तंभावर ध्वज लावण्याचे 284 अर्ज मंजूर करून फक्त एका ख्रिस्ती संस्थेचा ध्वज नाकारला, तेव्हा 2022 मध्ये नऊही न्यायाधीशांनी तो नागरिकांचा मंच मानला आणि महापालिका हरली. निकाल लागताच टेंपलनेही ध्वजासाठी अर्ज केला! शाळांचेही तसेच आहे: शाळा सुटल्यावर ख्रिस्ती क्लबला वर्ग मिळत असेल, तर सैतानाच्या नावाच्या क्लबलाही तो नाकारता येत नाही. पेनसिल्व्हेनियातील एका शाळा-प्रशासनाला 2023 मध्ये हे न्यायालयाकडून ऐकून घ्यावे लागले.

श्रेय कोणाला दिले आहे, हेही तपासावे. ओक्लाहोमाच्या विधिमंडळाच्या आवारात बायबलमधील दहा आज्ञांची शिळा होती, म्हणून टेंपलने तिथे बॅफोमेट या सैतानी प्रतीकाचा पुतळा बसवण्याची मागणी केली. हा आठ फुटांहून उंच ब्राँझचा पुतळा बोकडाच्या डोक्याचा आणि पंख असलेला आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्याकडे कौतुकाने पाहणारी दोन मुले आहेत. 2015 मध्ये शिळा हटली खरी, पण ती राज्याच्या स्वतःच्या घटनेतील तरतुदीमुळे, आणि तो खटला इतरांनी लढवला होता. टेंपल स्वतः अनेकदा हरलेले आहे. गर्भपातावरील निर्बंधांविरुद्धचा त्याचा मिसुरीतील दावा फेटाळला गेला.

अमेरिकेतील मराठी वाचकाने हा विषय परका समजू नये. 2007 मध्ये तेथील सिनेटचे कामकाज प्रथमच हिंदू प्रार्थनेने सुरू झाले, तेव्हा प्रेक्षक-सज्जातून घोषणा देऊन प्रार्थनेत व्यत्यय आणला गेला होता. बहुसंख्याकांना न रुचणारी प्रार्थना म्हणण्याची वेळ आपल्यावरही येते.

शेवटी, शक्य असल्यास मूळ निकालपत्रच उघडावे. वरिष्ठ न्यायालयांची निकालपत्रे इंटरनेटवर सहसा फुकट मिळतात. त्यात ‘गव्हर्नमेंट स्पीच’ (सरकारचे बोलणे) आणि ‘पब्लिक फोरम’ (नागरिकांचा मंच) हे शब्द शोधावेत आणि न्यायाधीशांनी कोणता लागू केला ते पाहावे. पहिला लागू झाला असेल, तर टेंपलचे ‘आम्हालाही जागा द्या’ हे म्हणणे तिथे सहसा टिकत नाही.