रेड ५ चं रेड ६ करण्याआधी: बॅकअप फाइल ॲरेबाहेर ठेवा

लिनक्समध्ये एमडीएडीएम (mdadm) या साधनाने अनेक डिस्क जोडून एक ॲरे, म्हणजे एकच साठा, करता येतो. रेड ५ मध्ये एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकतो, रेड ६ मध्ये दोन. चालू ॲरेची मांडणी बदलणं म्हणजे रीशेप. त्याची ही तयारी. डेटाची वेगळी प्रत आधी घ्या आणि त्यातली दोन-चार फोल्डरं रिस्टोअर करून उघडून बघा. यूपीएस लावा. नवी डिस्क जुन्यांपेक्षा एक सेक्टरनेही लहान नको. दोन कंपन्यांच्या "४ टीबी" नेमक्या सारख्या असतीलच असं नाही. एसएमआर डिस्क (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) तर आणूच नका, सलग पुनर्लेखनात ती रडते.

आता बॅकअप फाइल. ही वरची प्रत नव्हे, रीशेपमध्ये नव्याने लिहायचा भाग एमडीएडीएम आधी हिच्यात तात्पुरता ठेवतं. मागच्या वेळी ठेवायची राहिली ती हीच. ४ टीबीच्या चार डिस्कच्या रेड ५ मध्ये जागा १२ टीबी, पाचवी घालून रेड ६ केलं तरी १२ च. जागा वाढत नाही, म्हणून प्रत्येक स्ट्राइप (सगळ्या डिस्कवर पसरलेला डेटाचा पट्टा) जिथल्या तिथे नव्याने लिहिली जाते आणि त्याआधी फाइलमध्ये उतरवली जाते. त्यामुळे फाइल सुरुवातीपुरती नव्हे, शेवटपर्यंत लागते. ती त्याच ॲरेवर नको. टेम्प (/tmp) फोल्डरमध्ये नको, कारण टेम्प बऱ्याचदा रॅममध्येच असतं आणि रीबूट झालं की गेलं. वेगळ्या एसएसडीवर ठेवा. ॲरेवर एलव्हीएम (डिस्कची जागा हव्या तशा भागांत वाटणारी व्यवस्था) असेल तर कुठलं माउंट खरं कुठल्या डिस्कवर आहे ते चटकन कळत नाही. एलएसबीएलके (lsblk, डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून खात्री करा.

पुढची पायरी डिस्कची तब्येत. स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीत) १९७ क्रमांकाची ओळ, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न आलेले तुकडे), शून्य नसेल तर ती डिस्क आधी बदला. मग ॲरेचा पूर्ण चेक (सगळे सेक्टर वाचून पडताळणं) चालवा, कारण कधीच न वाचलेला खराब सेक्टर नेमका रीशेपमध्येच सापडतो. साध्या डेस्कटॉप डिस्क असतील तर एरर रिकव्हरीची (अडलेला सेक्टर पुन्हापुन्हा वाचून बघण्याची) मर्यादा ७ सेकंद करा. ती सोय नसेल तर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ३० सेकंदांचा टाइमआउट १८० करा. नाहीतर एका अडलेल्या सेक्टरपायी चांगली डिस्क ॲरेबाहेर फेकली जाते. ट्रेवर सिरियल नंबर चिकटवा. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलतात.

बिटमॅप (ॲरेच्या कुठल्या भागात लिहिणं चालू आहे त्याची नोंद) काढा, जुने कर्नल तो असताना रीशेप करत नाहीत. पाचवी डिस्क स्पेअर म्हणून जोडा. ग्रोची (रीशेप सुरू करणारी) कमांड लिहून एंटर दाबण्याआधी बॅकअप फाइलचा मार्ग पुन्हा वाचा, कागदावरही लिहा. मध्येच वीज गेली तर ॲरे असेंबल करताना (पुन्हा जोडताना) तोच मार्ग द्यावा लागतो. फाइल नसेल तर क्रिटिकल सेक्शन (अर्धवट लिहिलेला भाग) परत आणता आला नाही, सॉरी, एवढंच उत्तर मिळतं. इनव्हॅलिड-बॅकअपचा पर्याय आहे, पण त्या क्षणी लिहीत असलेला डेटा बिघडू शकतो. तो तयारीत धरू नका.

वेळ: सेकंदाला ३० एमबी धरले तर ४ टीबीला साधारण ३७ तास. एमडीस्टॅट (/proc/mdstat, प्रगती दाखवणारी फाइल) बघत राहा, दुसरं काम लादू नका.

संपल्यावर बिटमॅप परत, एमडीएडीएमची कॉन्फिग फाइल नवी, इनिट-रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) नवं, पुन्हा एक चेक. फाइलसिस्टीम वाढवायची नाही. ॲरे क्लीन दिसला आणि पाचही डिस्क चालू असल्या की मगच बॅकअप फाइल पुसा.