‘ध्रुवीय भोवरा फुटला’ म्हणून फवारणी बदलू नका : या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत ‘ध्रुवीय भोवरा फुटला, आता कडाक्याची थंडी’ अशी बातमी मोबाइलवर आली की देवगड-रत्नागिरीकडचे आंबा बागायतदार मोहोराची गणितं मांडू लागतात. बातमी खरी असते, पण तिच्यावरून कोकणाबद्दल काढलेले निष्कर्ष बहुतेक चुकीचे असतात. फवारणीचे पैसे त्यातच जातात, म्हणून हे लिहितो आहे.

दोन वारे एकच समजू नका. ध्रुवीय भोवरा म्हणजे हिवाळ्यात उत्तर ध्रुवाभोवती गोल फिरणारे जोरदार पश्चिमी वारे. तो असतो स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, साधारण 15 ते 50 किलोमीटर उंचीवर. आपल्या हिवाळ्याशी ज्याचा रोजचा संबंध येतो तो जेट प्रवाह, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, उत्तर भारतावरून सुमारे 12 किलोमीटर उंचीवरून वाहतो. कोकणावर तपांबर, म्हणजे जमिनीलगतचा ढग-पावसाचा थर, 16-17 किलोमीटरपर्यंत असतं, म्हणजे हा जेट खालच्याच थरातला.

सगळं वरून खाली येतं, असं धरू नका. सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. सुरुवात खालून होते. हिमालय, तिबेटचं पठार, रॉकी पर्वत आणि जमीन-समुद्राच्या तापमानातला फरक यांमुळे हवेत हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात. चार्नी आणि ड्राझिन या शास्त्रज्ञांनी 1961 मध्ये दाखवलं, की वर पश्चिमी वारे असतील आणि ते फार जोरदार नसतील, तरच या लाटा स्थितांबरात चढतात. उन्हाळ्यात तिथे पूर्वेकडचे वारे असतात, म्हणून हा खेळ हिवाळ्याचा. वर जाऊन लाटा फुटल्या की भोवऱ्याचा वेग मंदावतो, ध्रुवावर हवा खाली उतरते आणि दाबली जाऊन तापते. काही दिवसांत 40-50 अंशांची वाढही होते. हवामानशास्त्रज्ञ शेरहाग यांनी बर्लिनमध्ये 1952 साली ही अचानक वाढ प्रथम टिपली. 60 अंश उत्तरेला, 10 हेक्टोपास्कल हवादाबाच्या पातळीवरचा (सुमारे 30 किलोमीटर उंचीवरचा) सरासरी वारा उलटून पूर्वेकडचा झाला की घटना मोठी मानतात.

परतीचा प्रवास त्यानंतर सुरू होतो. वारा उलटलेल्या थरातून नव्या लाटा वर जाऊ शकत नाहीत. त्या आणखी खाली फुटतात आणि बदल आठवड्यागणिक खाली सरकतो. तपांबराच्या माथ्यापाशी पोहोचला तर खालच्या हवामानावर त्याची छाया दोन महिन्यांपर्यंत राहू शकते. पण प्रत्येक घटना तिथवर उतरतेच असं नाही.

युरोपचा अनुभव कोकणाला लावू नका. 12 फेब्रुवारी 2018 च्या सुमारास भोवरा दुभंगला आणि महिनाअखेरीस युरोप गारठला. आपण मात्र 16 ते 20 अक्षांशांत. इथवर परिणाम आलाच तर जेटची जागा आणि पश्चिमी झंझावातांच्या (हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या ढग-पावसाच्या प्रणालींच्या) वाटा यांतून, तोही अप्रत्यक्ष.

जेट दक्षिणेकडे सरकला म्हणजे थंडीच, असं नाही. अशा वेळी उंचावरचे ढग आपल्यावर पसरले तर रात्रीची उष्णता अडते आणि किमान तापमान उलट वाढतं. शिवाय मोहोरावर तुडतुडे ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग. थंडी येते ती झंझावात पुढे सरकल्यावर: वारा उत्तरेचा होतो, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. त्यातही जागेचा फरक फार मोठा. हर्णैला समुद्र रात्रभर ऊब देतो. जवळच्याच दापोलीच्या पठारावर त्याच पहाटे शेकोट्या पेटलेल्या असतात. म्हणून तालुक्याच्या आकड्यावर विसंबू नका, बागेत तापमापी टांगा.

मग पाहायचं काय? हवामान विभागाचा दर गुरुवारचा विस्तारित अंदाज, त्यातलं किमान तापमान, झंझावातांचा क्रम. थंडी लांबण्याची चिन्हं असतील तर झाडावर आधीच वाटाण्याएवढी फळं आहेत का ते आधी बघा, कारण लांबलेल्या थंडीत पुनर्मोहोर, म्हणजे दुसऱ्यांदा मोहोर, फुटतो आणि ती फळं गळतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यायची वेळ ती.