बेसमेंटच्या भिंतींना ड्रायवॉल: शीट आणण्याआधीची तयारी

अमेरिकेतल्या घरात बेसमेंटच्या काँक्रीट भिंतीवर ड्रायवॉल लावायचं असेल, तर शीट विकत आणणं सगळ्यात शेवटी. गिलाव्याला ओल लागली तर पोपडे काढून पुन्हा लिंपता येतं. ड्रायवॉल म्हणजे कागदात गुंडाळलेलं जिप्सम. तो कागद ओला झाला की बुरशी ठरलेली.

म्हणून सुरुवात घराबाहेरून करा. छपराच्या पन्हळी साफ हव्यात, त्यांचा पाइप भिंतीपासून लांब सुटायला हवा आणि जमिनीला पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार हवा. आत भिंतीवर पांढरी पूड दिसली तर पाणी झिरपतंय असं समजा. शंका असेल तिथे दोन फुटी चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या मागे थेंब आले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला आले तर हवाच दमट, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) लावा. ही चाचणी बर्फ वितळताना किंवा मोठ्या पावसानंतर घ्या. ऐन थंडीत जमीन गोठलेली असताना ओली भिंतही कोरडी भासते.

परमिट आधी काढा. भिंत झाकण्यापूर्वी वायरिंगची तपासणी होते. बाष्परोधक प्लास्टिक लावायचं की नाही हेही तेव्हाच विचारा, कारण गावागणिक नियम वेगळे.

काँक्रीटला थेट चिकटवायला 2 इंची एक्सपीएस फोम (पॉलिस्टायरीनची कडक इन्सुलेशन शीट) घ्या, पण गोंद फोमला चालणाराच. साध्या गोंदातलं सॉल्व्हंट फोम खातं. सांधे टेपने बंद करा, नाहीतर उबदार हवा मागे शिरून गार काँक्रीटवर पाणी सुटतं. फायबरग्लासची इन्सुलेशन लोकर भिंतीला टेकवू नका, ते हेच पाणी पितं. फोमच्या पुढे दर 16 इंचांवर टू-बाय-फोर (साधारण 2 बाय 4 इंची) लाकडाचे स्टड, म्हणजे ड्रायवॉल ज्यांवर ठोकायचं ते उभे खांब. जमिनीवरची आडवी पट्टी प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या लाकडाची.

24 फूट लांब, 8 फूट उंच भिंतीला 4 बाय 8 फुटांच्या सहा शीट लागतात, सातवी काटछाटीला. 12 फुटी शीट चारच पुरतात, सांधेही कमी. मात्र त्या जिन्यातून वळतात का ते आधी मोजपट्टीने मोजा. जाडी अर्धा इंच. सव्वा इंची कोअर्स थ्रेडचे (मोठ्या आट्यांचे, लाकडासाठीचे) साधारण अडीचशे स्क्रू. डोकं किंचित आत जावं, कागद फाटता कामा नये. छत करणार असाल तर ते आधी. खाली जमिनीपासून अर्धा इंच फट सोडाच, स्कर्टिंगने ती झाकली जाते.

सांध्यांना कागदी टेप आणि मडचे (सांधे भरायच्या लांबीचे) तीन हात. दोन हातांमध्ये किमान 24 तास, दमट बेसमेंटमध्ये जास्तच. घासताना फर्नेस (घर तापवणारी भट्टी) बंद ठेवून रिटर्नची, म्हणजे खोलीतली हवा तिच्याकडे परत ओढणारी जाळी प्लास्टिकने झाका, नाहीतर जिप्समची धूळ घरभर फिरते.