सेमी-ऑटो पॉइंट टू-टू अडकतेय? पार्ट नंतर, आधी गोळी बदलून बघा

मागच्या रविवारी एका मित्राचा थेट रेंजवरून फोन. नवीकोरी सेमी-ऑटो .२२ रायफल (प्रत्येक गोळीनंतर पुढची आपोआप भरणारी), दहात दोनदा अडकतेय, दुकानात परत करू का म्हणून विचारत होता. मी विचारलं गोळ्या कुठल्या आणल्यास, तर म्हणे शेजारपाजाऱ्यांना त्रास नको म्हणून कमी आवाजवाल्या घेतल्यात. झालं, रायफल बिचारी निर्दोष. त्याला म्हटलं बाजूच्या लेनवाल्याकडून दहा साध्या हाय-व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाच्या, मागून घे आणि मार. दहाच्या दहा गेल्या.

हे इतक्या जणांना तोंडी सांगून झालंय की आता एकदाच लिहून काढतोय. मी ओहायोत राहतो, इथे रेंजवर दर दुसऱ्या माणसाकडे रुगर कंपनीची टेन ट्वेंटी-टू (१०/२२) रायफल दिसते, १९६४ पासून बनतेय ती, आणि मी जे काय शिकलो ते बहुतेक तिच्यावरच. तुमच्याकडे मार्लिनची मॉडेल ६० किंवा सॅव्हेजची ६४ असेल तरी मूळ गणित तेच, मार्लिनला फक्त मॅगझिन बॅरलखाली नळीसारखं असतं एवढाच मोठा फरक.

गणित असं की या रायफलींमध्ये बोल्टला, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या मागच्या दाराला, कुलूप नसतं. गोळी सुटते तेव्हा बोल्टला जागेवर धरणाऱ्या गोष्टी दोनच, त्याचं स्वतःचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग. गॅस पुंगळीला (काडतुसाच्या पितळी टरफलाला) मागे ढकलतो, पुंगळी बोल्टला ढकलते, बोल्ट मागे जाता जाता पुंगळी बाहेर उडवतो, हॅमर परत चढवतो आणि पुढे येताना मॅगझिनमधून नवीन राउंड (काडतूस) उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसवतो, आणि हे सगळं चिमूटभर पावडरीच्या जोरावर. म्हणजे राउंडमध्ये दम कमी असेल तर बोल्ट अर्ध्या वाटेतून परत येणार, पुंगळी बाहेर पडायच्या आत दार लागणार आणि ती धुराड्यासारखी उभी अडकणार. इथे त्याला स्टोव्हपाइप म्हणतात. किंवा पुंगळी नीट उडते पण बोल्ट पुढच्या राउंडच्या मागेपर्यंत पोचतच नाही, मग रिकामं चेंबर आणि नुसतं टिक्.

म्हणून डब्यावरचे दोन आकडे वाचायची सवय लावा, गोळीचं वजन आणि वेग. नेहमीची गोळी ४० ग्रेन, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. सीसीआय कंपनीची मिनी-मॅग ४० ग्रेन, १२३५ फूट प्रति सेकंद, तांब्याचा मुलामा, गोल नाक. कुठल्याही नवीन सेमी-ऑटोला पहिला डबा कुठला तर हाच, मी दुसरं नावच घेत नाही. फेडरल कंपनीची ऑटोमॅच १२०० फुटांची, तीही ४० ग्रेन आणि नावाप्रमाणे सेमी-ऑटो डोळ्यासमोर ठेवूनच काढलेली. स्टँडर्ड व्हेलॉसिटी म्हणजे १०७० फुटांच्या आसपास, आवाजाच्या वेगापेक्षा खाली, त्यामुळे ५० यार्डांच्या पुढे ती जास्त नीट जाते, कारण सुपरसॉनिक गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना जरा डगमगते ती भानगड हिच्यात नाही. पण स्टँडर्ड व्हेलॉसिटी म्हणजे काठावरचा दम. रुळलेली, स्वच्छ टेन ट्वेंटी-टू ती आरामात चालवते, नवी कडक स्प्रिंगवाली किंवा थंडीत गारठलेली कुरकुर करते.

सीसीआयची साधी क्वाएट ७१० फुटांची आहे, तिचा बोल्ट-ॲक्शनमध्ये (दर वेळी हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत) आनंद घ्या, सेमी-ऑटोत प्रत्येक राउंडला हाताने बोल्ट ओढत बसाल. तिचाच सेमी-ऑटोसाठीचा ४५ ग्रेनवाला वेगळा प्रकार आहे, डबा नीट बघून घ्या. अगिला कंपनीच्या कोलिब्रीत तर पावडरच नसते, नुसत्या प्रायमरवर चालते, ती या कामाची नाहीच. आणि दुसऱ्या टोकाला सीसीआयचीच स्टिंगर, ३२ ग्रेन, १६४० फूट. लोकांना वाटतं जेवढा वेग तेवढी भरवशाची, पण स्टिंगरची पुंगळी नेहमीपेक्षा लांब असते. साध्या फॅक्टरी चेंबरमध्ये चालून जाते, पण तुम्ही हौसेने मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीचं, बॅरल लावलं असेल आणि चेंबर टाइट असेल तर ती घालूच नका, पुंगळीचं तोंड रायफलिंगमध्ये (नळीतल्या पिळाच्या खाचांमध्ये) घुसतं आणि प्रेशर वाढतं. बॅरल दुसऱ्याकडून घेतलं असेल तर आधी चेंबर कुठलं ते विचारून घ्या.

आता स्वस्तातले बल्क डबे, ३२५, ५२५, ५५० असे सुट्टे ओतलेले. मी वापरतो, रिकामे डबे नेम धरून पाडायला आणि पोरांना शिकवायला उत्तम. पण त्यात गोळ्या एकमेकांवर आपटून काहींची नाकं चेपलेली असतात, काहींची गोळी पुंगळीत हलते. मी मॅगझिन भरताना प्रत्येक राउंड अंगठ्याखालून फिरवतो, जसे तांदूळ निवडतो तसं, वाकडी दिसली की बाजूला. होलो पॉइंटचं (टोकाला खळगा असलेल्या गोळीचं) नाक चपटं असतं, ते कधीकधी फीड रॅम्पला, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उताराला, धडकतं, गोल नाकवाल्यांना हा त्रास कमी. आणि मुलामा नसलेल्या शिशाच्या गोळ्यांवर मेण असतं, ती जमिनीवर पडली की वाळूचा कण चिकटलाच म्हणून समजा, पुसल्याशिवाय परत भरू नका.

बरं, गोळी बदलून बघा म्हणजे नेमकं काय करा, तर तीन प्रकार घ्या, मिनी-मॅग, एखादा बल्क, एखादी स्टँडर्ड. किमान दोन मॅगझिन घ्या आणि त्यांच्यावर मार्करने १ आणि २ लिहा. प्रत्येक प्रकाराचे शंभर राउंड, निम्मे एका मॅगझिनमधून निम्मे दुसऱ्यातून, आणि अडकलं की तिथल्या तिथे वहीत नोंद, कुठली गोळी, कुठलं मॅगझिन, कितवा राउंड, काय झालं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण तीनशे राउंडनंतर उत्तर समोर असतं. एकाच गोळीला अडकतेय तर गोळी. एकाच मॅगझिनला अडकतेय तर मॅगझिन. सगळ्यांना सगळीकडे अडकतेय तर मग रायफल उघडायची. ही वही न लिहिता एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा), बफर, स्प्रिंग, ट्रिगर सगळं बदलून बसलेले आणि शेवटी मॅगझिनच खराब निघालेले लोक मी बघितलेत, आणि त्यातला एक मीच. दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं पंचवीस राउंडचं मॅगझिन स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं होतं, सहा महिने रायफलला शिव्या घातल्या. रुगरचं स्वतःचं दहा राउंडचं गोल फिरणारं मॅगझिन घातलं आणि विषय संपला. ते मॅगझिन खरंच डोकेबाज आहे, राउंड एकावर एक न रचता चक्राच्या खाचांमध्ये बसतात, त्यामुळे .२२ च्या कडा एकमेकीत अडकायचा प्रश्नच येत नाही.

फुटली नाही ती गोळी फेकून देऊ नका, आधी बघा. .२२ मध्ये प्रायमर मधोमध नसतो, तळाच्या कडेच्या आत गोल फिरवून पसरवलेला असतो आणि एखाद्या ठिकाणी तो पोचलेला नसतो. कडेवर फायरिंग पिनचा खोल चौकोनी ठसा दिसतोय तरी फुटली नाही? मग गोळीचा दोष, थोडी फिरवून परत घातली की बहुतेक वेळा फुटते. ठसा उथळ, नखाने ओरखडल्यासारखा? मग दोष रायफलकडे, बोल्टमध्ये पिनच्या खाचेत कचरा, नाहीतर राउंड चेंबरमध्ये पूर्ण बसलाच नव्हता आणि पिनचा सगळा जोर तो पुढे सरकवण्यात गेला. आणि एक गंमत, टेन ट्वेंटी-टू शेवटच्या राउंडनंतर बोल्ट उघडा ठेवत नाही, त्यामुळे मॅगझिन संपलं तरी आवाज तोच, टिक्. नवखे तिथेही गोळी खराब म्हणतात. उलटंही होतं, गोळी न फुटलेली असते आणि माणूस संपलं समजून रायफल खाली ठेवतो, आणि ते भयंकर आहे.

म्हणून टिक् झालं की नळी टार्गेटकडेच, ३० सेकंद थांबा, कारण कधीकधी उशिरा पेटते, मग मॅगझिन काढा, बोल्ट ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा. आणि ठो ऐवजी फुस्स झालं तर थांबाच, पुढचा राउंड मारायचा नाही, गोळी बॅरलमध्ये अडकली असू शकते, रायफल रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतोय का ते बघा. चष्मा तर घालायचाच, बोल्ट पूर्ण बंद नसताना पुंगळी फुटली तर तुकडे बाजूच्या खिडकीतून उडतात, डावखुऱ्यांच्या तर थेट तोंडावर.

अजून एक चूक, नवीन माणसं बोल्टचं हँडल हाताने सावकाश पुढे नेतात, दार आपटू नये तसं. इथे आपटलंच पाहिजे. मागे पूर्ण ओढा आणि सोडून द्या, त्याचा तो जाऊ दे, नाहीतर पहिलाच राउंड अर्धवट बसतो.

साफसफाईबद्दल दोन टोकं दिसतात, एकजण दर वेळी नळी घासून घासून चकाकवतो, दुसरा पाच वर्षं हात लावत नाही. नळीला .२२ मध्ये फार काही होत नाही, शिसं मऊ असतं, मधूनमधून दोरी ओढली की पुरे. आणि टेन ट्वेंटी-टूचं रिसीव्हर (बोल्ट बसतो ती पेटी) मागून बंद असतं, सळई पुढूनच घालावी लागते, त्यात मझलची (नळीच्या पुढच्या तोंडाची) कड खराब करून घेण्यापेक्षा पुल-थ्रू, म्हणजे ती ओढायची दोरीच, वापरा. खरी घाण चेंबरमध्ये असते. मेण आणि काजळीचं कडं तयार होतं, राउंड शेवटचा केसभर आत जात नाही. मी ॲपलसीडच्या, म्हणजे रायफल शिकवणाऱ्या इथल्या उपक्रमाच्या, दोन दिवसांच्या शिबिराला गेलो होतो, २५ मीटरवर टार्गेट, एका फेरीत ५५ सेकंदात दहा राउंड, मध्ये मॅगझिन बदलून. पहिल्या दिवशी जेवणापर्यंत सगळं झकास, दुपारी चारशेच्या आसपास राउंड झाल्यावर दर मॅगझिनला एक अडकायला लागली. शेजारच्या आजोबांनी, सत्तरी ओलांडलेली असणार, खिशातून छोटा ब्रास ब्रश काढला, चेंबरमध्ये दोनदा फिरवला, फडक्याने पुसलं, बस्स. त्या ब्रशला लागलेलं काळं मेण बघून मला आमच्या घरातल्या चिमणीच्या कंदिलाची काच आठवली. तेव्हापासून तो ब्रश पिशवीत कायम.

ब्रश फिरवताना एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालीही टूथपिक घाला, तिथे पितळेचा कीस आणि काजळी बसते आणि मग पुंगळी चेंबरमध्येच राहते. तेल म्हणाल तर बोल्टच्या सरकायच्या जागी एक थेंब, चेंबरमध्ये आणि मॅगझिनमध्ये अजिबात नाही. .२२ मुळातच घाणेरडी, न जळलेली पावडर तेलात मिसळली की गाळ होतो. जानेवारीत शून्याखाली तर तेच तेल घट्ट होऊन बोल्ट मंदावतो आणि गोळीवरचं मेणही कडक होतं, म्हणून थंडीत मी जवळजवळ कोरडीच चालवतो, हाय-व्हेलॉसिटीच नेतो आणि डबा जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतो.

मॅच गोळ्यांबद्दल विचारतात लोक, एली, एसके, लापुआ. एसकेची स्टँडर्ड प्लस माझ्याकडे व्यवस्थित चालते आणि कागदावर फरक लगेच दिसतो. पण साध्या फॅक्टरी बॅरलवर महागडी लापुआ घालणं म्हणजे रोजच्या वरणाला केशर. आधी चांगली स्टँडर्ड व्हेलॉसिटी पाच-पाच राउंडच्या ग्रुपने मारून बघा.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने रायफलच काय, काडतूसही बाळगता येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर, म्हणून आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आणि रेंजची पिशवी ही रेंजचीच, ती घेऊन विमानतळावर कधीही जायचं नाही. शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबईत उतरल्यावर निघालं तर आर्म्स ॲक्टखाली अडकाल, आणि तिथे .२२ च आहे हो, छोटीशीच आहे हो, असलं कोणी ऐकत नाही.

रेंजवरून आलं की खाण्याआधी साबणाने हात धुवा, तेही गार पाण्याने, शिशाची धूळ बोटांवर असते. घरात लहान मूल असेल तर शर्टही बदला. रेंजवर चिवड्याचा डबा उघडायचा मोह मला होतो, पण नाही.

आणि वहीत एखादी गोळी नापास न होता शंभर राउंड गेली की त्याच दिवशी डब्याच्या कडेवरचा लॉट नंबर टिपून घ्या आणि जमलं तर त्याच लॉटच्या दोन-तीन ब्रिक (मोठी खोकी) उचला. २०१३ मध्ये इथे .२२ दुकानातून गायब झाल्या होत्या, सकाळी रांग लावून माणशी एक डबा मिळायचा, तेव्हा जे मिळालं ते घालून लोकांनी आपापल्या रायफलींना नावं ठेवली. माझ्या कपाटात अजून एक डबा आहे त्या वेळचा, झाकणावर मीच लिहिलंय, मॅगझिन २, शंभरात ९ अडकल्या, पोरांना देऊ नये.