टेस्टला पेन्सिल कुठली घ्यायची, आणि टोक कसं ठेवायचं

अमेरिकेत मुलांच्या टेस्टच्या सूचनांमध्ये "नंबर टू पेन्सिल आणा" असं लिहिलेलं असतं आणि आपण देशी आईबाप दुकानात जाऊन गोंधळतो, कारण आपल्याला एचबी माहीत, टूबी माहीत, हा दोन नंबर कुठला आता? तर नंबर टू म्हणजे आपली एचबीच. टूबी नाही हं, ती मऊ आणि जास्त काळी. टूएच तर एकदम उलटी, कडक आणि फिकट, तिला इथे चार नंबर म्हणतात. अडीच नंबर पण मिळतो, तो ठेवून द्या परत.

पण आधी बघा की पेन्सिल लागणार तरी आहे का. एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाची टेस्ट, इथे 2024 पासून पूर्ण डिजिटल झाली, त्यात पेन्सिल लागते ती फक्त रफ वर्कच्या कागदापुरती आणि तिथे पेनही चालतं, त्यामुळे फार डोकं लावू नका. एसीटी (ती पण कॉलेज प्रवेशाचीच) कागदावर देणार असाल किंवा शाळेत एएमसी ही गणिताची स्पर्धा कागदावर होणार असेल तर मात्र पुढचं सगळं वाचा. आणि भारतात कोणी भाचा-पुतण्या एमपीएससी किंवा नीट देत असेल तर त्याला हे फॉरवर्ड करू नका प्लीज, तिथे उत्तराचे गोल बॉलपेननेच रंगवायचे असतात.

आता एचबीच का. 1938 मध्ये आयबीएमचं 805 नावाचं पेपर तपासायचं मशीन आलं, ते चक्क वीज वापरायचं, पेन्सिलच्या शिशात ग्राफाइट असतं आणि ग्राफाइटमधून करंट जातो, म्हणजे खूण असेल तिथे करंट आणि नसेल तिथे काही नाही. कल्पना होती मिशिगनमधल्या रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या हायस्कूल मास्तरांची (हेच मास्तर पुढे आयबीएममध्ये पहिली हार्ड डिस्क बनवणाऱ्या टीमचे प्रमुख झाले, बघा!). नंतर मशीन प्रकाशावर चालायला लागली, आता ती फक्त गोल किती काळा आहे ते बघतात. मग कडक पेन्सिल घेतली तर खूण फिकट येते, म्हणून पोरगं दाबून रंगवतं, कागदावर खड्डा पडतो आणि तो काही पुसला जात नाही. फार मऊ घेतली तर खूण मस्त काळी येते पण हात लागला की फासते आणि पुसल्यावर राखाडी डाग उरतो, आणि तो डाग मशीनला दुसरं उत्तर वाटू शकतो. एचबी या दोघींच्या मधली, गडद पण येते आणि पुसलीही जाते.

घेताना ब्रँडपेक्षा पेन्सिलीचं बूड बघा, शिसं बरोब्बर मधोमध हवं, एका बाजूला सरकलेलं असेल तर टोक करताना सारखं तुटणार. षटकोनी घ्या, गोल पेन्सिल तिरक्या बाकावरून घरंगळते आणि खाली पडली की आतलं शिसं तुकडे तुकडे होतं, बाहेरून कळत पण नाही. पिवळी टिकॉन्डेरोगा चांगली आहे, सगळीकडे मिळते. बॅगेतून आणलेली नटराज 621 पण एचबीच आहे, खुशाल वापरा. "एक्स्ट्रा डार्क" लिहिलेली असेल तर आधी घरी एका कागदावर चार-पाच गोल रंगवून पुसून बघा, डाग राहिला तर ती चित्रकलेला ठेवा. चमकीवाल्या, वाकणाऱ्या, रिटर्न गिफ्टमध्ये आलेल्या पेन्सिली अजिबात नकोत. मेकॅनिकल पेन्सिल एसीटीमध्ये मनाईच आहे, आणि नसती तरी मी दिली नसती, बारीक शिशाने गोल भरायला वेळ लागतो आणि घाईत ते कटकट तुटतं.

आता टोक. आपल्याकडे परीक्षा म्हटलं की आदल्या रात्री सगळ्या पेन्सिली सुईसारख्या करून ठेवायची सवय, पण गोल रंगवायला बोथट टोकच बरं, दोन-तीन फेऱ्यांत गोल भरतो आणि कागद पण टोचत नाही. म्हणून दोन पेन्सिली टोकदार ठेवा गणितं सोडवायला, आणि दोन रफ कागदावर थोड्या घासून बोथट करून ठेवा फक्त गोलांसाठी. नवीन पेन्सिल पहिल्यांदा तिथेच उघडायची नाही, आधी घरी एखाद्या प्रॅक्टिस टेस्टला वापरू द्या.

पेन्सिलीच्या मागचा गुलाबी रबर जुना झाला की कडक होतो आणि पुसायच्या ऐवजी फासतो, म्हणून पांढरा मऊ खोडरबर वेगळा द्या, आणि पुसल्यावर भुगा हाताने नाही, फुंकून उडवायला सांगा. शार्पनर डबीवाला घ्या, नाहीतर सालं सगळी आन्सरशीटवर.