फ्लेवरवाली क्राफ्ट बिअर जपून ठेवताय? या चुका टाळा

‘दारू जितकी जुनी तितकी भारी’ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की परदेशातून कुणी आणलेली रास्पबेरी बिअरही लोक खास दिवसासाठी माळ्यावर टाकतात. मुळात व्हिस्की मुरते ती पिंपात. बाटलीत भरली की तिचं मुरणं संपलं. बिअर मात्र बाटलीतही बदलत राहते आणि बहुतेक वेळा बिघडण्याकडेच जाते. त्यातही फळ, कॉफी, मसाला घातलेली असेल तर वरून घातलेला स्वाद मूळ बिअरच्या आधी उतरतो.

चूक: सगळ्या फ्लेवरना एकच माप लावणं

बिअर कोणती, यापेक्षा आत काय घातलंय ते बघा. कॉफी सगळ्यात दगाबाज. स्टाउट (काळपट, दाट बिअर) 10 टक्के अल्कोहोलची तगडी असली तरी भाजलेल्या बियांचा वास काही महिन्यांत विरतो आणि कधीकधी चक्क ढोबळी मिरचीसारखा वास येऊ लागतो. व्हॅनिला हळूहळू उतरतं. मिरचीचा सुगंध आधी जातो, तिखटपणा बऱ्याचदा मागे राहतो. म्हणजे चव गायब आणि घसा मात्र जळतोय. चेरी त्यातल्या त्यात चिवट. बियांसकट घातली असेल तर पुढे बदामासारखा वास वर येतो, तो मला आवडतो. रास्पबेरी लवकर मान टाकते. फळ घातलेली आयपीए तर ठेवूच नका. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं, आयपीएत ती भरपूर असतात. तिथे फळाबरोबर हॉप्सचाही वास उडतो.

ब्रसेल्सच्या कँटिलॉन ब्रुअरीचं उदाहरण घ्या. 1900 पासूनचं हे घराणं. लॅम्बिक म्हणजे हवेतल्या नैसर्गिक यीस्टवर आंबवलेली आंबट बिअर. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक मिसळून ते ग्यूझ बनवतात. ती बाटलीत वर्षानुवर्षं टिकते, बदलत जाते. त्याच लॅम्बिकमध्ये रास्पबेरी घालून ‘रोझे द गांब्रिनुस’ होते. ती जुनी झाली तरी खराब होत नाही, पण फळ मागे पडतं आणि आंबटपणा उरतो. रास्पबेरीसाठी पैसे मोजले असतील तर ती ताजीच प्यायला हवी.

चूक: माळा, कपाट, काचेचं शोकेस

ब्रुअर मंडळींचा एक ढोबळ हिशेब आहे: 32 अंशांना 3 दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं, तेवढं 22 अंशांना 30 दिवसांत आणि 3 अंशांना 300 दिवसांत. आता एप्रिलमधला पुण्याचा माळा आठवा. उजेड हा दुसरा शत्रू. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत तो हॉप्सना गाठतो आणि उग्र, कुबट दर्प तयार होतो. तपकिरी बाटली बरी, कॅन उत्तम. बाटली उभीच ठेवा, आणि फ्रिजच्या दारात नको, आत मागे.

चूक: स्मूदी सावर बाहेर ठेवणं

स्मूदी सावर म्हणजे फळांच्या गराने दाट झालेली आंबट बिअर. तिच्या कॅनमध्ये अनेकदा न आंबलेला फळांचा गर असतो. उष्णता मिळाली की उरलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं, कॅन फुगतो, प्रसंगी फुटतो. फुगलेला दिसला तर उघडायची घाई नको. जाड टॉवेलात गुंडाळून आधी थंड होऊ द्या, मग सिंकमध्ये ओतून टाका.

टॅपरूममधून, म्हणजे ब्रुअरीच्या बारमधून, भरून आणलेला ग्राउलर (ताज्या बिअरची मोठी बाटली) दोन-तीन दिवसांत संपवा. एकदा उघडला की त्याच दिवशी.

चव बिनसली असेल तर

ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते? आत हवा राहिली किंवा बिअर उन्हाळ्यात तापली. आंबट नसायला हवी ती ताकासारखी आंबट झाली? नको ते जिवाणू शिरले. तळाशी गाळ दिसला म्हणून मात्र घाबरू नका. बाटलीतच आंबवलेल्या बिअरमध्ये तो यीस्टचा असतो. बिनसलेलं पुन्हा जागेवर येत नाही. कॉफी उतरलेली स्टाउट चॉकलेट केकमध्ये खपून जाते, पुठ्ठेवाली तिथेही नको.

तरी ठेवायचीच हौस असेल तर 9-10 टक्क्यांच्या वरची गडद बिअर निवडा आणि एकाच तारखेच्या दोन बाटल्या घ्या. एक लगेच प्या, काय आवडलं ते चिठ्ठीवर लिहून दुसरीला चिकटवा आणि ती सहा महिन्यांनी उघडा. चिठ्ठीत ‘कॉफी’ लिहिलंय आणि ग्लासात ती सापडत नसेल, तर ती बिअर पुढच्या वेळी एकच घ्या.